विद्या कोणाच्या मालकीची?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

‘आम्ही त्याला शिकवला’ हे वाक्य आपल्या समाजात फार सहजपणे बोलले जाते. बोलणाऱ्याने कधी हातात खडू धरलेला नसतो की कोणाची उजळणी घेतलेली नसते. त्याने फी भरलेली असते, पुस्तके घेऊन दिलेली असतात, क्वचित वसतिगृहाचा खर्चही सोसलेला असतो. हे काम लहान आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यांना या मदतीची किंमत चांगली ठाऊक असते. परंतु ‘शिकवला’ या एका शब्दात आपण दोन वेगळी माणसे एकत्र बांधून टाकतो : विद्या देणारा गुरू आणि खर्च करणारा आश्रयदाता. आणि या दोघांच्या गर्दीत तिसरा माणूस, म्हणजे जो प्रत्यक्ष शिकला तो, पार दिसेनासा होतो. खर्च करणाऱ्याची त्या विद्येवर मालकी असते काय? असल्यास किती आणि किती दिवस? हा प्रश्न मला या लेखात मांडावयाचा आहे.

प्रश्न आपला असला तरी उदाहरण मात्र मी फार दूरचे घेणार आहे. इतिहासाच्या तासाला सम्राट दुसऱ्या जोसेफच्या सुधारणा शिकवताना सरांनी बोहेमियातील भूदासांच्या मुक्ततेचा उल्लेख केला, आणि ओघात एका भूदासाच्या मुलाची हकिकत सांगितली. हा मुलगा पुढे युरोपातला पहिल्या प्रतीचा हॉर्नवादक झाला. वर्गातल्या बहुतेकांनी ती हकिकत वहीच्या समासातही लिहून घेतली नसेल. माझ्या मनातून मात्र ती गेली नाही. तिचे कारण पुढे येईलच.

प्रथम हॉर्न म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे हॉर्न म्हटले की मोटारच आठवते. हे वाद्य आपल्या शिंगाच्या आणि तुतारीच्या जातीचे. पितळेची लांबच लांब नळी वेटोळी करून तिचे एक तोंड ओठांना लावावयाचे आणि दुसरे, कर्ण्यासारखे पसरलेले, उजव्या हाताशी येते. आज या वाद्याला झडपा असतात आणि त्या दाबून सगळे स्वर काढता येतात. पण त्या झडपा एकोणिसाव्या शतकातल्या. अठराव्या शतकातल्या हॉर्नला काहीच नव्हते. फक्त नळी, ओठ आणि दम. अशा साध्या नळीतून निसर्गतः ठराविकच स्वर निघतात. खाली सा, मग वरचा सा, मग प, पुन्हा सा, मग ग, प, आणि असे चढत गेल्यावर कोठे सप्तकाच्या सा-रे-ग जवळजवळ येऊ लागतात. म्हणजे वरच्या पट्टीत कशीबशी चाल वाजेल. खालच्या पट्टीत मात्र स्वरास्वरांत मोठमोठी भगदाडे. ही भगदाडे बुजवायची युक्ती ड्रेस्डेनच्या दरबारी वाद्यवृंदातील आंटोन योझेफ हाम्पेल या वादकाने घडवून आणली. कर्ण्याच्या तोंडात उजव्या हाताचा पंजा कमीजास्त घालून स्वर खाली आणता येतो आणि जो स्वर नळीत नाही तो हाताने ‘घडवता’ येतो, हे त्याने पद्धतशीर बसवले. नळी तीच, हात मात्र शिकलेला हवा.

आता त्या मुलाकडे वळू. यान व्हात्स्लाव्ह श्तिख याचा जन्म १७४६ साली बोहेमियातील झेहुशित्से या गावी झाला. हा भाग आज चेक प्रजासत्ताकात आहे. त्याचा बाप थुन घराण्यातील काउंटच्या जहागिरीवरील भूदास होता. भूदास म्हणजे बाजारात विकला जाणारा गुलाम नव्हे. पण जमीनदाराच्या परवानगीवाचून त्याला जहागीर सोडून जाता येत नसे, लग्न करता येत नसे, मुलाला एखादा हुन्नर शिकायला धाडता येत नसे. शिवाय जमीनदाराच्या शेतावर वेठ करावी लागे. या वेठीला चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणत. यंत्रमानवासाठी आज जगभर वापरला जाणारा ‘रोबो’ हा शब्द त्यातूनच आला. अशा घरातल्या या मुलाचा गळा आणि कान चांगला आहे हे काउंटच्या ध्यानात आले. मुलाला गाणे, व्हायोलिन आणि हॉर्न यांचे शिक्षण मिळाले. हॉर्नमध्ये त्याची गती पाहून काउंटने त्याला स्वतःच्या खर्चाने गुरूंकडे पाठवले. आधी प्रागमध्ये मातिएगका, नंतर शिंडेलार्झ, आणि शेवटी ड्रेस्डेनला प्रत्यक्ष हाम्पेल. पंजाची ती विद्या यानने तिच्या मूळ कर्त्याकडूनच घेतली.

काउंटच्या बाजूनेही न्याय केला पाहिजे. त्या काळी बोहेमियातील खेड्यापाड्यांत संगीत शिकवले जाई. इंग्रज संगीतज्ञ चार्ल्स बर्नी १७७२ साली त्या भागातून गेला तेव्हा झेहुशित्सेजवळच्याच चास्लाव्ह गावच्या शाळेत त्याला लहान लहान मुलगे आणि मुली लिहिण्यावाचण्याबरोबर वाद्येही वाजवताना दिसल्या. परंतु त्यानेच पुढे नोंद केली आहे की, अशी शिकलेली कितीतरी मुले मोठेपणी नांगराला किंवा दुसऱ्या कष्टाच्या कामाला जातात, आणि त्यांचे संगीत गावच्या चर्चमध्ये गाण्यापुरते उरते. काउंटने खर्च केला नसता तर यान श्तिखही याच मुलांपैकी एक झाला असता. गुणी मुले पुष्कळ होती. ड्रेस्डेनला पोहोचला तो एक. तेव्हा काउंटचा उपकार खरा होता, आणि तो नाकारून मला पुढे जावयाचे नाही.

शिकून यान परत आला आणि तीन-चार वर्षे काउंटच्या पदरी वाजवत राहिला. उत्तम हॉर्नवादक झालेला हा तरुण जहागिरीच्या वहीत मात्र भूदासच होता. दरबारी गणवेश चढवला म्हणून परवानगीवाचून वेशीबाहेर जाण्याची मुभा मिळत नाही. १७६६ च्या सुमारास, विसाव्या वर्षी, म्हणजे माझ्यापेक्षा एकाच वर्षाने मोठा असताना, तो काही वादक सोबत्यांबरोबर पळून गेला. त्याच्या चरित्रांत सांगतात की काउंटने त्याच्यामागे शिपाई धाडले. हुकूम असा : सापडला तर त्याचे पुढचे दात पाडा.

हा हुकूम वाचून माझ्या अंगावर काटा आला. तो का, हे सांगण्यासाठी थोडे घरचे सांगणे भाग आहे. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. फुंकीच्या वाद्यात पुढच्या दातांचे काय काम असते ते आमच्या घरात लहान मुलालाही कळते. ओठ माउथपीसवर दाबले जातात तेव्हा त्यांना आतून टेकू असतो तो पुढच्या दातांचा. दात गेले की टेकू गेला. ओठ आत दबतात, हवा फुसकन निसटते आणि सूर लागत नाही. आमच्या गल्लीतले एक म्हातारे वादक चाळीस वर्षे ट्रम्पेट वाजवत होते. पुढचे दात पडल्यावर त्यांच्या हाती झांज आली. बँडमध्ये झांजवाल्याला सर्वांत कमी पैसे मिळतात. वरात निघाली की ते मागच्या रांगेत उभे राहतात आणि समोर वाजणाऱ्या ट्रम्पेटकडे बघतही नाहीत. तेव्हा दात पाडण्याचा हुकूम म्हणजे नुसती मारहाण नव्हे. आयुष्यभराची विद्या एका फटक्यात निकामी करण्याचा तो हुकूम होता. आणि तो देणारा मनुष्य रानटी नव्हता. थुन घराणे संगीताचे मोठे रसिक होते. पुढे १७८३ साली लिन्झमध्ये आणि १७८७ साली प्रागमध्ये मोझार्ट याच घराण्याचा पाहुणा होता. घरात संगीताची मैफल भरवणे आणि पळालेल्या वादकाचे दात पाडायला शिपाई पाठवणे या दोन गोष्टी एकाच घराण्यात सुखाने नांदू शकतात, हे मला या हकिकतीतले सर्वांत शिकण्यासारखे वाटते.

येथे आपल्याला एकलव्य आठवणे स्वाभाविक आहे. तेथे अंगठा, येथे दात. परंतु दोन्हींत मोठा फरक आहे. द्रोणाचार्यांनी एकलव्याला शिकवलेच नव्हते, तरी गुरुदक्षिणा मागितली. आणि एकलव्याने ती देऊन टाकली. लहानपणापासून आपण त्या देण्याचे गुणगान ऐकत आलो. यान श्तिखने दिले नाही. तो पळाला. शिपायांना तो सापडला नाही आणि त्याचे दात शाबूत राहिले. मला स्वतःला त्या पळण्याचे अधिक कौतुक वाटते. कोणी म्हणेल, हे कृतघ्नपणाचे कौतुक झाले. म्हणून तो पुढे कसा वागला ते पाहिले पाहिजे. कृतज्ञता आणि कृतघ्नता आयुष्यभराच्या वागण्यावरून ठरवावी.

सरहद्द ओलांडल्यावर त्याने स्वतःचे नाव बदलले. ‘श्तिख’ या जर्मन शब्दाचा अर्थ टोच किंवा टाका. त्याचेच इटालियन भाषांतर करून तो ‘जोव्हानी पुंटो’ झाला. या नावाने तो दरबारादरबारांतून आणि शहराशहरांतून वाजवत फिरला. १७७६ ते १७८८ या काळात पॅरिसच्या प्रसिद्ध सार्वजनिक मैफलींत तो चाळीसहून अधिक वेळा वाजवला. १७७७ साली इंग्लंडच्या राजाच्या वाद्यवृंदातील हॉर्नवादकांना शिकवण्यासाठी त्याला लंडनला बोलावण्यात आले. १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टने त्याचे वादन ऐकले आणि वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याची मुक्तकंठाने तारीफ केली. १८०० च्या एप्रिलमध्ये व्हिएन्नात त्याच्यासाठी बेथोव्हनने हॉर्न आणि पियानो यांचा एक सोनाटा रचला आणि पियानोवर स्वतः साथीला बसला. ते दोघे पुढच्याच महिन्यात हंगेरीत पेस्तला गेले, तर तिथल्या एका वृत्तात ‘हा बेथोव्हन कोण?’ अशा अर्थाचा प्रश्न आहे. पुंटो मात्र सर्वांना ठाऊक होता! तो सोनाटा मी वसतिगृहातील मैत्रिणीच्या मोबाईलवर ऐकला. पाश्चात्त्य संगीतातले मला काही कळत नाही. पण सुरुवातीलाच हॉर्न एकटे बोलते आणि मग एकदम खोल खाली उतरते, तेथे आपण नकळत श्वास रोखून धरतो. पुंटो खालच्या पट्टीतला, म्हणजे ‘दुसऱ्या’ हॉर्नचा वादक होता. निसर्गाने जेथे सर्वांत कमी स्वर दिलेले, तीच त्याची जागा. तेथे जे काही वाजते ते बहुतांशी शिकलेल्या हाताचे आणि ओठाचे असते.

आता कृतज्ञतेची गोष्ट. राज्यक्रांतीनंतरच्या दशकात पॅरिसमध्ये हॉर्न शिकवणारे एक पुस्तक पुंटोने प्रसिद्ध केले. त्यावर लिहिले की ही पद्धत हाम्पेलची, आणि ती पूर्णत्वास नेली त्याचा शिष्य पुंटो याने. हाम्पेल १७७१ सालीच वारला होता. त्याचे नाव गाळले असते तर जाब विचारायला कोणी येणार नव्हते, आणि युरोपभर नाव कोणाचे होते? शिष्याचे! तरीही नाव गुरूचे आधी आले. याच पुंटोकडे शिकलेला हाइनरिख डोमनिख पुढे पॅरिसच्या संगीत विद्यालयात हॉर्नचा प्राध्यापक झाला. १७९५ मध्ये ते विद्यालय स्थापन झाले तेव्हा पुंटोला तेथे जागा मिळाली नव्हती. ती त्याच्या शिष्याला मिळाली. आणि डोमनिखने स्वतःचे पाठ्यपुस्तक लिहिताना हाताची ती युक्ती हाम्पेलला कशी सापडली याची हकिकत नोंदवून ठेवली. हाम्पेल, पुंटो, डोमनिख अशी ही तीन पिढ्यांची परंपरा. आपल्या घराण्यांच्या भाषेत बोलायचे तर तालीम पुढे गेली आणि नावासकट गेली. अशा मनुष्याला कृतघ्न म्हणता येईल काय? त्याने ऋण मानले आणि फेडलेही. फक्त मालकी मानली नाही.

ऋण आणि मालकी या दोन गोष्टींत आपण घोटाळा करतो हेच माझ्या लेखाचे मुख्य म्हणणे आहे. काउंटने पैसा दिला; त्या पैशाने प्रवास झाला, गुरूचा वेळ मिळाला, वाद्य मिळाले. ओठ फुटेपर्यंत फुंकण्याचे काम पैशाने झाले नाही. ते त्या मुलाने केले. विद्या ही अशी वस्तू आहे की ती दुसऱ्याच्या खर्चाने मिळू शकते, परंतु दुसऱ्याच्या कष्टाने येऊ शकत नाही. म्हणून खर्च करणाऱ्याचा हक्क शिकणाऱ्याच्या अंगात शिरत नाही. ज्याला खरोखर संगीत हवे असते त्याला आपण लावलेले झाड दुसऱ्याच्या अंगणात फुलले तरी समाधान वाटेल. ‘माझ्याकडे वाजणार नसेल तर कोठेच वाजू नये’ असे म्हणणाऱ्याला संगीत नकोच होते. त्याला वाजवणारा हवा होता.

कोणी विचारील, मग मदत करणाऱ्याने काही अटच घालू नये काय? अवश्य घालावी. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. हा करार आधी कागदावर मांडलेला होता. त्याला मुदत होती आणि तो नोकरीपुरता होता. बाबासाहेब १९१७ साली बडोद्यास नोकरीवर हजरही झाले. परंतु त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही आणि त्यांना तेथून परतावे लागले. आता कराराचा भंग झाला असे म्हणायचे तर तो शिकणाऱ्याने केला की त्याच्या डोक्यावर छप्पर येऊ न देणाऱ्या समाजाने केला? हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. मला एवढेच म्हणायचे आहे की, अट आणि मालकी यांतला फरक ओळखायला सोपा आहे. अट आधी सांगितली जाते आणि कधीतरी संपते. मालकी आधी सांगितली जात नाही आणि संपतही नाही.

आणि आता मी दूर बोहेमियात का गेले ते सांगते. प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी आमच्याकडे पैसे नव्हते. लग्नसराई संपलेली, पावसाळा तोंडावर. वडील ज्यांच्या बँडमध्ये वाजवतात त्या मालकांनी माझी फी आणि वसतिगृहाची अनामत भरली. बँडच्या धंद्यात हंगामाआधी वादकाला उचल देण्याची रीत आहे. उचल घेतली की त्या हंगामात दुसऱ्या बँडकडे वाजवायचे नाही, हा त्यातला अलिखित नियम. माझी फी अशीच उचलीच्या वहीत चढली. तेव्हापासून दोन हंगाम वडील तेथेच आहेत. तालुक्याच्या एका बँडने अधिक पैसे देऊ केले होते. वडील गेले नाहीत. सुपारीचे पैसे वाटताना त्यांच्या वाट्याला कमी आले तरी ते बोलत नाहीत. आणि वरात थांबली, चहापाणी सुरू झाले की मालक पाहुण्यांना सांगतात, ‘याची पोरगी कॉलेजात आहे ना, ती आपणच शिकवली.’ वडील हसतात, मान हलवतात आणि ट्रम्पेटमधले पाणी झटकतात. यंदा तर माझ्या लग्नाचे स्थळही मालकांनीच सुचवले. ‘शिकवली आपण, तर बघायलाही आपणच पाहिजे’ असे ते आईला म्हणाले. माझी आई सहसा कोणाला उलट बोलत नाही. ती एवढेच म्हणाली, ‘पोरीला विचारून सांगते.’

मालक वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी पैसे भरले नसते तर आज मी हा लेख लिहिण्याऐवजी दुसऱ्याच्या रानात खुरपत असते, हे मी कोणत्याही सभेत सांगायला तयार आहे. परंतु ज्या सम्राटाच्या सुधारणांवरून मला ही हकिकत कळली, त्या दुसऱ्या जोसेफने १ नोव्हेंबर १७८१ रोजी भूदासांना कोणते हक्क दिले ते मी वहीत दोनदा लिहून काढले आहे. जमीनदाराच्या संमतीवाचून लग्न करण्याचा. जहागीर सोडून जाण्याचा. हवा तो हुन्नर शिकण्याचा. यादी वाचताना मला वाटले, यातले माझ्या वडिलांना आणि मला पूर्णपणे मिळालेले किती? कायद्याने सगळेच मिळालेले आहेत. पण उचलीच्या वहीला कायदा विचारीत नाही. तेथे वेठ मात्र त्यानंतरही, १८४८ पर्यंत, चालू राहिली. हक्क कागदावर येणे आणि वेठ जाणे यांत सदुसष्ट वर्षे गेली. आपण इतकी थांबायची काय?

यानसारखे मी पळणार नाही. त्याला पळण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, मला आहे. कॉलेजच्या ‘कमवा व शिका’ योजनेत मी ग्रंथालयात काम करते. त्यातून दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला पडते. ती वडिलांच्या हातून वहीत जमा होते आणि मी स्वतः तारीख आणि आकडा लिहून घेते. तृतीय वर्ष संपेपर्यंत फीचा आकडा फिटेल असा हिशेब आहे. पैशाचे ऋण पैशाने फेडायचे. उपकाराचे ऋण राहते, ते मी ठेवून घेईन. पण ते कोठे फेडायचे हे पुंटोने दाखवून दिले आहे. ते मागे फेडता येत नाही, पुढे फेडावे लागते. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गल्लीतल्या बँडवाल्यांची सात-आठ मुले माझ्याकडे इंग्रजी आणि गणित शिकायला येतात. त्यांतले कोणी उद्या कॉलेजात गेले तर ‘हे मी शिकवले’ असे मी म्हणेन काय? म्हणण्याचा मोह होईल. तेव्हा कोणीतरी मला माझाच हा लेख काढून दाखवावा.

शेवटी आपल्या कॉलेजातील गुरुजनांना आणि मित्रमैत्रिणींना दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली, गरजू विद्यार्थ्यांना मदत वाटण्याचे समारंभ आपल्याकडे सगळीकडेच होतात. व्यासपीठावर रांग लागते, पाकीट घेतानाचा फोटो निघतो आणि मुलाने चार शब्दांत आभार मानावेत अशी अपेक्षा असते. ही मदत कार्यालयात शांतपणे का देऊ नये? देणाऱ्याचे नाव अवश्य लावावे. घेणाऱ्याला उभे करू नये. घेणाऱ्यावर बंधन घालायचेच असेल तर एवढेच घालावे की त्याने पुढच्या वर्षी आपल्याखालच्या एका विद्यार्थ्याला आठवड्यातून दोन तास शिकवावे. अशी अट आधी सांगता येते, आणि ती संपतेही.

दुसरी विनंती माझ्यासारख्यांना. आपल्या घरातून कॉलेजात येणारे आपण पहिले, म्हणून आपल्यावर हक्क सांगणारे पुष्कळ निघतील. गाव सांगेल, भावकी सांगेल, पुढारी सांगतील. कोणाचाही उपकार नाकारू नका. कोणी किती दिले ते लिहून ठेवा, आणि कोणी काय शिकवले तेही वेगळ्या पानावर लिहून ठेवा. माझ्या त्या दुसऱ्या पानावर पहिले नाव वडिलांचे आहे. त्यांनी मला अक्षर शिकवले नाही, त्यांना ते येत नाही. पण एखादा सूर लागेपर्यंत शंभर वेळा फुंकायचा असतो आणि ओठ फुटला तरी दुसऱ्या दिवशी वाद्य पुन्हा तोंडाला लावायचे असते, हे मी त्यांच्याकडून शिकले.

पुंटो १८०१ साली, तीसहून अधिक वर्षांनी, बोहेमियात परतला आणि प्रागच्या रंगमंदिरात वाजवला. १८०३ साली तो तेथेच वारला. हजारो माणसे त्याच्या अंत्ययात्रेला लोटली आणि मोझार्टचे ‘रेक्विएम’ वाजवले गेले. ज्या मुलुखातून तो दात वाचवून पळाला होता त्याच मुलुखाने त्याला आपला म्हणून निरोप दिला. आपणही शिकून कोठे गेलो तरी असेच परतता यावे, कोणाची परवानगी न घेता आणि कोणाचे नाव न विसरता, एवढीच अपेक्षा आहे.